शंखाआधीचा भोंगा

धरणाखालच्या कोरड्या पात्रात तीनशे माणसं उभी होती. पाच दिवसांपासून रोज सहाच्या सुमारास बाबा शंख फुंकत आणि दगडांतून पाणी चढत येई. धरणात बुडालेल्या देवळातली आई हाकेला ओ देते, असं ते सांगत. ज्यांचं गावच त्या पाण्याखाली गेलं, त्यांना आणखी पुरावा नको होता.

मनकर्णाचं माहेर तिथलंच. तिच्या मांडीवर नऊ वर्षांची प्रणाली धापा टाकत होती. ‘सुई टोचलेल्या अंगात आई येत नाही’ असं बाबा म्हणाले, म्हणून दोन दिवसांपासून पोरीचं इन्सुलिन बंद होतं.

“बाबा, पोरीच्या तोंडाले पिकल्या फळासारखा वास येऊन राहिला.”

“परसाद हाय तो, माय. पाणी आलं का तीन बुचकळ्या दे. आईच्या दवाखान्यात ना लाईन, ना चिठ्ठी, ना डॉक्टर जेवाले गेला.”

लोक हसले. गर्दीतून उपकेंद्राची नर्स नीलम पुढे आली. तिने प्रणालीचा श्वास हुंगला.

“ताई, हा परसाद नाही. इन्सुलिन नसलं का शरीर चरबी जाळते, अन् तिचं आम्ल रक्तात साचते. जीप उभी हाय, चला.”

“पाणी येऊ द्या, सिस्टर. मी डोळ्यानं पाह्यलं.”

लाउडस्पीकरवर आरती सुरू झाली, रोजच्यासारखी कानठळ्या बसवणारी. नीलमने जाऊन वायर उपटली.

धरणावरचा भोंगा ऐकू आला. लांबलचक, तीनदा.

नीलम म्हणाली, “वीजघर दोन वर्षं बंद होतं. मागच्या आठवड्यात चालू झालं, अन् तवाच बाबा आले. संध्याकाळी टर्बाइन फिरवून पाणी इकडं सोडतात. पात्रातून निघा म्हणून हा भोंगा. तो तुमाले ऐकू येऊ नये म्हणून आरती.”

बाबांनी घाईने शंख तोंडाला लावला. त्याच बुडालेल्या देवळाचे पुजारी, म्हातारे खुशालराव, यांनी त्यांचा हात धरला.

“थांबा महाराज. चाळीस वर्षं मी तिची पूजा केली. आज न बोलावता पाहू.”

मग दगडांतून पाणी आलं. शंखाशिवाय. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. माणसं काठाकडे धावली.

मनकर्णा पोरीला घेऊन त्यांच्याही पुढे होती.

“पोरगी वाचंन का, सिस्टर?” जीपमध्ये तिने विचारलं.

सलाईन लावता लावता नीलम म्हणाली, “माईत नाही, ताई. दोन दिवस गेले.”

चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी एकदा शंख थांबवून पाहा. औषध मात्र थांबवू नका.