कादिरबेकच्या नावाच्या रोट्या

शुक्रवारी सकाळी कनापियाला जाग आली ती तापल्या तेलाच्या वासाने. शारबानू दुखऱ्या गुडघ्याला लोकरीचा पट्टा बांधून शेल्पेक तळत उभी होती. घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने शुक्रवारी सात पातळ रोट्या तळून शेजारीपाजारी वाटायच्या, यात नवं काही नव्हतं. पण आज तर कोणाचाच दिवस नव्हता.

"कोणासाठी गं?"

"कादिरबेकसाठी. काल गेला ना."

कादिरबेक गेला होता तो मालिकेत. एरवी तो त्यांच्याच किझिलोर्दा शहरातल्या नाट्यगृहातला नट. शारबानूचे गुडघे गेल्यापासून नवराबायकोत एक वाटणी झाली होती. वाचनालयातून निवृत्त झालेल्या कनापियाने नाटकं बघून यायची, तिने मालिका बघायच्या, आणि चहा पिताना एकमेकांना सांगायच्या. सांगताना पात्राचं नाव दोघांच्याही तोंडी येत नसे. कादिरबेक म्हणजे कादिरबेक, मग तो खान असो की न्हावी.

अलीकडे मात्र कनापियाला नाटकाला जाणं जड जात होतं. मागच्या नाटकात नट माइकमध्ये ओरडत होते. त्याआधीच्या नाटकात त्याला झोप लागली, आणि घरी येऊन उत्तरार्ध त्याने मनानेच रचून सांगितला. तरी तो जात राहिला, कादिरबेकसाठी. त्या माणसाशी तो उभ्या आयुष्यात एक शब्द बोलला नव्हता. एकदा फुलं घेऊन गेला होता, तीही तशीच परत आणून शारबानूला दिली.

"अगं, जिवंत आहे तो. आज त्याचंच नाटक आहे."

"असेल तिकडे. इकडे गेला. अगदी माझ्या थोरल्या भावासारखा खोकत खोकत गेला. आणि त्या मालिकेतल्या सुनेने एक रोटी तळली नाही हो! कोणीतरी तळायला नको?"

तो ताट घेऊन जिना उतरला. खालच्या ओरिनताईने दार उघडलं, रोटी घेतली, दुवा पुटपुटली.

"कोणाच्या नावाने, आगा?"

टीव्हीतल्या माणसाच्या, हे सांगायची त्याला लाज वाटली. "कादिरबेकच्या," एवढं बोलून तो घाईने पुढच्या दाराकडे वळला.

दुपारी बाजारात खाटीक म्हणाला, "ऐकलंत का? आपला कादिरबेक गेला."

"नाही हो. अफवा असेल."

"अफवा कसली? ओरिनताईने त्याच्या नावाची रोटी खाल्लीय. आणखी काय पुरावा पाहिजे?"

तिथेच सांगून टाकायला हवं होतं, पण मागे रांग होती, आणि रांगेसमोर त्याला कधीच बोलता आलं नव्हतं.

"मी आज जात नाही," घरी येऊन तो म्हणाला. "थकलोय."

"थकलात की घाबरलात?" शारबानूने शेवटची रोटी फडक्यात बांधली. "जा, त्याला सांगा. आणि ही त्यालाच द्या."

"मेलेल्याच्या नावाची रोटी जिवंत माणसाला?"

"दारोदार देऊन आलात, आता त्याच्यापुरतीच राहिली."

नाट्यगृहासमोर कधी नव्हे ती गर्दी होती. व्यवस्थापक पायरीवर उभा राहून ओरडत होता, "जिवंत आहेत हो! आत कपडे बदलतायत!" तरी बायका डोळे पुसतच होत्या.

नावाड्याच्या वेषातला कादिरबेक वल्ह्याचा आधार घेत रंगमंचावर आला तेव्हा सगळे प्रेक्षक उठून उभे राहिले. तो गोंधळला, थोडा थांबला, मग दमल्या आवाजात त्याने पहिलं वाक्य म्हटलं. शेवटच्या अंकात म्हातारा नावाडी नदीकाठी मरतो. तो आडवा झाला, आणि वरच्या सज्जातून कोणीतरी ओरडलं, "उठा, आगा! पुरे झालं!" मेलेल्या नावाड्याने मान वर करून बघितलं. लोक हसले आणि रडलेही.

नाटक संपल्यावर कनापिया फडकं छातीशी धरून आत रंगपटात गेला. कादिरबेक गरम पाण्यात पाय सोडून बसला होता. जवळून तो फारच म्हातारा दिसत होता.

"ते माझ्यामुळे झालं," कनापिया कसाबसा म्हणाला. "तुम्ही मालिकेत गेलात म्हणून बायकोने रोट्या तळल्या. शेजारणीला मी नीट सांगितलं नाही."

कादिरबेकने बाजूचा फोन उचलला. "अराल्स्कहून माझी बहीण दुपारपासून फोनवर रडतेय. मी बोलतोय तरी तिला खरं वाटत नाही. म्हणते, कोणीतरी आवाज काढतोय." त्याने फोन लावला आणि पुढे केला. "आता तुम्हीच सांगा."

कनापियाने फोन कानाला लावला. "बाई, मी कनापिया. चूक माझी आहे. तुमचे भाऊ सुखरूप आहेत. माझ्यासमोर बसलेत." त्याने फडकं सोडून पुढे धरलं. कादिरबेकने तुकडा मोडला. "रोटी खातायत."

"कोणाच्या नावाची?" पलीकडून रडवेला आवाज आला.

"त्यांच्याच."

मग बाईने तोंड सोडलं. वाचनालयात आयुष्य काढूनही त्याने कधी वाचले नव्हते असे शब्द कनापियाने मुकाट्याने ऐकून घेतले.

"आता बसला तिचा विश्वास," कादिरबेक चावता चावता म्हणाला. "मालिकेवाले मला म्हणाले, लवकर मरा, भाड्याचे दिवे परत करायचेत. इथे रंगमंचावर तर इतक्या वेळा मेलो, कोणी रोटी तळली नव्हती." त्याने डोळे मिटले. "मीठ कमी आहे, सांगा वहिनींना."

कनापिया घरी आला तेव्हा शारबानूने टीव्हीचा आवाज बंद करून चहा ठेवला होता.

"सांगितलंत?"

"सांगितलं. मीठ कमी होतं म्हणाले."

"बरं. आणि नाटकात? आज कसा गेला?"

कनापिया बूट काढायला खाली वाकला. पाठ दुखत होती.

"आज लोकांनी त्याला जाऊच दिलं नाही," तो म्हणाला.