न वाचता काढलेलं पान

दादाच्या पोटात वहिनीची किडनी होती. ती बसवून आता बरीच वर्षं झाली होती, पण दादाने जेवताना वरून मीठ घेतलं की वहिनी अजूनही सुनवायची, "माझी वस्तू आहे. नीट वापरायची नसेल तर परत करा."

परकी किडनी शरीर हाकलून लावतं, तसं होऊ नये म्हणून रोज गोळी घ्यावी लागते. नव्या सुनेला नांदू द्यायचं तर सासूला रोज गप्प करावं लागतं, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. वहिनीला ते ताबडतोब पटलं.

ही गोळी दोन खोक्यांत मिळायची. एक खोकं शोध लावणाऱ्या परदेशी कंपनीचं, त्याची किंमत ऐकूनच माणूस बरा व्हावा. दुसरं एका लहान कारखान्याचं, साधं, तितकंच गुणाचं. मग दोन देशांच्या मंत्र्यांनी व्यापार करारावर सह्या केल्या, एकमेकांना पेनं भेट दिली आणि साध्या खोक्याचा परवाना काही वर्षांसाठी स्थगित झाला. करार म्हणे लोण्याचा आणि मोटारींच्या सुट्या भागांचा होता. गोळी मागे पुरवणीत होती.

दुकानांमध्ये जुना साठा थोडाफार उरला होता. तो कुठे आहे हे रुग्णांनी एकमेकांना सांगावं म्हणून वहिनीने इंटरनेटवर एक पान सुरू केलं. त्याला जागा धाकट्याने, म्हणजे तिच्या दिराने, तो नोकरीला होता त्या, अशी पानं ठेवणाऱ्या कंपनीत मिळवून दिली.

धाकटा तिथे तक्रार विभागात होता. कुणी एखाद्या पानाविरुद्ध तक्रार केली की धाकट्यासमोर फक्त एक क्रमांक येई आणि त्याने ते पान काढून टाकायचं. वाचायचं नाही. त्याच कराराच्या दुसऱ्या पुरवणीत म्हटलं होतं, की तक्रार येताच पान काढणारी कंपनी निर्दोष. पण आधी उघडून वाचलं, तर तिला सगळं ठाऊक होतं असं धरलं जाईल. "आपलं अज्ञान हेच आपलं कवच," असं विभागाच्या मॅडम म्हणत. दोन पदव्या घेतलेला धाकटा न वाचण्यात सगळ्यांत तरबेज होता. त्याबद्दल त्याला कंपनीने कप दिला होता. त्याच कपातून तो चहा पीत असताना वहिनीचा फोन आला.

"भावोजी, आमचं पान दिसत नाहीये हो. एका बाईंना दुकान सापडलंय, त्या पानावर पत्ता टाकते म्हणाल्या होत्या, त्यांचा नंबर काही माझ्याकडे नाही. ह्यांच्या गोळ्या संपत आल्यात."

"बघतो," म्हणत धाकट्याने पानाचा क्रमांक शोधून काढला. सकाळी आपणच काढलेल्या ढिगात तो होता. त्याने चहा बाजूला ठेवला.

"नकली औषधांचा प्रचार, अशी तक्रार आहे," मॅडम म्हणाल्या. "पानवाल्यांनी हरकत नोंदवावी. तक्रार करणारी कंपनी उत्तर देईल. मग बघू."

"मॅडम, त्यात फक्त दुकानांचे पत्ते आहेत."

"तुम्हाला काय माहीत?" मॅडम दचकल्या. "तुम्ही उघडलंत?"

"नाही."

"मग झालं तर. आपल्याला माहीत नाही."

काढलेलं पान विभागातल्या माणसाला उघडता येई, फक्त कुणी उघडलं याची नोंद व्हायची. धाकट्याने दिवसभर स्वतःला बजावलं, की नोकरी गेली तर महागाची गोळी सोडाच, स्वस्तातलीही परवडायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्याने पान उघडलं. नोकरीला लागल्यापासून त्याने वाचलेलं हे पहिलं पान. सगळ्यात खाली त्या बाईंनी लिहिलं होतं: पुलापलीकडचं औषधांचं दुकान, तीन खोकी आहेत, लवकर जा.

तो जागेवरून उठला तो थेट पुलापलीकडे.

"होती की," दुकानदार म्हणाला. "कालपर्यंत होती. त्या बाई सांगून गेल्या, लोक येतील म्हणून. मी वाट बघितली. चिटपाखरू फिरकलं नाही. आज सकाळी सरकारी माणसं आली, बंदीचा माल म्हणून घेऊन गेली." त्याने रिकाम्या फळीकडे बोट दाखवलं. "काल का नाही आलात?"



घरी पोचेपर्यंत मॅडमचा निरोप फोनवर आला होता. उद्यापासून येऊ नका. कारण: वाचन.

"मिळाली?" वहिनीने दारातच विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. "पान कुणी काढलं ते तरी कळलं? कोण मेला तो?"

"मीच, वहिनी. मला काय माहीत, आपलं आहे ते."

"दुसऱ्या कुणाचं असतं तर?" वहिनीने विचारलं. मग उत्तराची वाट न बघता आत गेली.

आत दादा उरलेल्या गोळ्या ताटलीत मांडून बसला होता. बाहेरचं सगळं त्याच्या कानावर गेलं होतं.

"बघ बाई," तो म्हणाला, "तुझी वस्तू तुला परत करावी म्हणतो."

"वापरलेला माल मी परत घेत नाही," वहिनी म्हणाली, आणि गोळ्या अर्ध्या करायला ब्लेड शोधू लागली.