शेवटचं गाणं कोण सांगणार

साहेब, तुम्ही आलात, हाच तुमचा गुन्हा आहे.

उशिरा आलात, अशी तक्रार तुमच्याबद्दल पुष्कळांनी केली असेल. आलाच नाहीत, असं तर सातपूरकडच्या त्या वसाहतीतलं शेंबडं पोरही सांगेल. इथं आरोप उलटा आहे. त्या रविवारी, धड काळोखही पडला नव्हता, तेव्हा एका फोनवर तुम्ही पोलिसांची गाडी घेऊन हजर झालात, आणि कुंदन साळवेचं वाटोळं झालं. कुंदनचा दोष नाही असं कोण म्हणतंय? तो जळत होता. ओल्या लाकडासारखा, जाळ कमी आणि धूर फार, असा जळत होता. जळणारा माणूस काय वाटेल ते करतो. तुम्ही तर शुद्धीवर होता ना?

तर ऐका.

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत धनराजभाऊंचा बंगला आहे. भाऊ बँकेतून निवृत्त झाले, मोटार विकून टाकली आणि रिकामं गॅरेज गाणाऱ्या पोरांना दिलं. शटर वर करायचं, दोन सतरंज्या टाकायच्या, एक स्पीकर, एक माइक, आणि भाऊंच्या बायकोच्या हातचा आल्याचा चहा. रविवारी संध्याकाळी कुणीतरी आपली गाणी घेऊन यायचं. आपली म्हणजे स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली. ऐकायला येतील तेवढे येत. जागेला नाव नव्हतं. सगळे गॅरेजच म्हणत.

कुंदन तिथं पोचला तो गाडीतलं पेट्रोल संपलं म्हणून. कंपनीतून निघून कुणाकडे तरी जात होता, मधेच गाडी बंद पडली, ढकलत ढकलत गल्लीत आला तर गिटार ऐकू आली. दम खायला म्हणून टेकला. आत चार टाळकी. त्यातलं एक झोपलेलं. समोर सनी पगारे, मनमाडचा, रेल्वेतल्या गँगमनचा पोरगा, डोळे मिटून गात होता:

मनमाडला गाडी बदल गं मने,
सरळ जाणारी आपली नव्हं...

कुंदनच्या हातातलं हेल्मेट हातातच राहिलं. हे गाणं आपल्याला ओळखतं, असं त्याला वाटलं. त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती. एकेक करून लोक उठले. झोपलेलाही जागा होऊन गेला. धनराजभाऊ सोडले तर कुंदन एकटा उरला.

सनीनं गिटार मांडीवर नीट घेतली आणि विचारलं, "दादा, शेवटचं कोणतं म्हणू?"

कुंदननं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

आता हे तुम्हाला कळायचं नाही साहेब, तुम्हाला सगळेच विचारतात. कुंदनला चौतिसाव्या वर्षापर्यंत कुणी 'कोणतं?' असं विचारलं नव्हतं. शाळेत जी तुकडी मिळाली ती घेतली. आयटीआयला जो ट्रेड उरला होता तो घेतला. कंपनीत जी शिफ्ट लावतील ती, घरी जी भाजी होईल ती. आहे ते घे आणि पुढं सरक, असंच चाललेलं. आणि हा पोरगा विचारत होता.

"ते मघाचं," तो म्हणाला. "मनमाडचं. परत म्हण."

तिथून तो रिवाजच पडला. सनी कुठंही गावो, गॅरेजमध्ये, कॉलेज रोडच्या त्या माडीवरच्या कॅफेत, कुणाच्या गच्चीवर, कुंदन शिफ्ट बदलून हजर. शेवटाला सनी माइकमधून विचारणार, "कुंदनदादा, शेवटचं कोणतं?" आणि कुंदन जसा काही खूप विचार करून सांगणार, "मनमाड!" लोक हसायचे. पुढं पुढं तर लोकच आधी ओरडायचे. कुंदन मान खाली घालून हसायचा, आणि ते हसू सोमवारी मशीनवरसुद्धा पुरायचं.

"लगीन केलं नाय, अन् पोराच्या गाण्यामागं हिंडतो," भिमाबाई, त्याची आई, म्हणायची. "त्याला तरी ठावं हाय का, तू कोण ते?"

"ठावं हाय. मला विचारतो तो."

"काय इचारतो?"

"शेवटचं गाणं कोणतं म्हणू ते."

"अन् पयलं कुनाला इचारतो?"

म्हातारी जिभेची तिखट. कुंदन हेल्मेट उचलून निघायचा.

मग अंजली आली.

वाईट मुलगी नव्हती, हीच तर अडचण होती. वाईट असती तर कुंदनला सोपं गेलं असतं. कॉलेज रोडची, केस आखूड कापलेले, हातात मोबाइल धरायची काठी. सनीचं गाणं तिनं टिपलं, कापलं, खाली अक्षरं टाकली आणि इंटरनेटवर सोडून दिलं. पुढच्या रविवारी गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नाही. सतरंजीवरचे लोक शटरच्या बाहेर, बाहेरचे गाड्यांवर. धनराजभाऊ खूश. सनी तर हवेत. कुंदनलाही आनंद व्हायला हवा होता. झालाही, साधारण चहाचा कप संपेपर्यंत.

तो नेहमीच्या जागी, समोरच्या पाण्याच्या जारशेजारी उभा होता. मागून अंजलीचा आवाज आला, "काका, जरा खाली बसता का? फ्रेममध्ये येताय."

काका!

कुंदन बसला. खाली बसून त्याला सनीचे बूट दिसत होते. नवीन होते.

शेवटाला सनीनं केस मागं सारले, गर्दीवरून नजर फिरवली आणि विचारलं, "अंजली, शेवटचं कोणतं?"

तिनं सनीचंच एक नवीन हिंदी गाणं सांगितलं. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. कुंदननं टाळी वाजवली नाही. खाली बसल्या बसल्या त्यानं जारचा नळ उगाच घट्ट केला. तो आधीच घट्ट होता.

घरी जाऊन त्यानं तिचे व्हिडिओ काढून पाहिले. प्रत्येक. एकात त्याचं कोपर होतं. बाकी सगळीकडे त्याला कापलेलं. गाणं त्याच्यासमोर जन्मलं म्हणायला हरकत नाही, आणि त्यात त्याचा हिस्सा एक कोपर! खाली लोकांनी लिहिलेलं, 'अंजली, तू नसतीस तर हा आम्हाला कळलाच नसता.' कुंदननं अंगठ्यानं उत्तर टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं, परत खोडलं. 'मी होतो' एवढंच लिहायचं होतं. कुणाला लिहायचं?

पुढच्या रविवारी तो लवकर गेला. सनी तारा जुळवत होता, अंजली माइकच्या मागं दिव्यांची माळ लावत होती.

"सनी, आज शेवटी मनमाड म्हण."

"दादा, यार..." सनी खुंटी पिळत म्हणाला. "ते जरा बाजूला ठेवलंय. लय स्लो पडतं. शेवटी पब्लिक उचलायला लागतं ना."

"पब्लिक कोण? आधी मीच होतो पब्लिक."

"अरे हो दादा, तुम्ही तर घरचे. घरच्यांनी समजून घ्यायचं."

घरच्यांनी समजून घ्यायचं! जन्मभर दुसरं केलं काय? अर्धा कार्यक्रम त्यानं कसाबसा ऐकला. मग अंजलीनं माळेची एक वायर धरायला सांगितली, "काका, प्लीज," म्हणाली, आणि सनी ते ऐकून हसला. विनोदाला हसला असेल, दुसऱ्याच कशाला हसला असेल. कुंदन वायर खाली ठेवून गल्लीत आला, आणि त्यानं तुमचा नंबर लावला.

आता नीट ऐका साहेब, कारण खरी चूक इथं आहे, आणि अशी चूक फक्त त्याच्यासारखाच माणूस करू शकतो.

सातपूरकडच्या त्याच्या वसाहतीसमोर कुणाचाही वाढदिवस असो, वरात असो, डीजेची गाडी उभी राहते. पत्रे थरथरतात. भिमाबाईला बीपीचा त्रास, ती कानात कापूस घालून, उशी डोक्यावर घेऊन पडते. कुंदननं किती वेळा तो नंबर लावला असेल. दर वेळी पलीकडून तेच. कुठून बोलताय? कोणती वस्ती? नाव? पूर्ण नाव सांगा. मग 'बघतो'. कधीच कुणी आलं नाही. शेवटी म्हातारीनंच सांगितलं होतं, "त्यो फोन म्हंजी भिंतीला पाठ घासायची. खाज जाती, बाकी काय नाय. पर लावत जा, तेवढंच बरं वाटतं."

म्हणजे फोन लावणं त्यांच्या घरात तक्रार नव्हती. पाठ खाजवणं होतं. कुंदनच्या पाठीला त्या संध्याकाळी आग लागली होती, आणि त्यानं ती घासली. एवढंच.

"कुठून बोलताय?"

"गंगापूर रोड." त्यानं गल्लीचं नाव सांगितलं. "बंगल्यातून. शेजारी गॅरेजमध्ये गाण्याचा गोंगाट चाललाय."

"नाव?"

साळवे तर कितीदा सांगून झालं होतं. "देशपांडे," तो म्हणाला, आणि स्वतःशीच हसला.

"लगेच पाठवतो सर."

सर! कुंदनला खरंच बरं वाटलं. म्हातारी म्हणते ते खोटं नव्हतं. मोबाइल खिशात टाकून तो आत गेला, आणि आपण काही केलंय हेही विसरला. शेवटचं गाणं यायचं होतं.

"अंजली," सनीनं विचारलं, "शेवटचं कोणतं?"

अंजलीनं मोबाइल खाली घेतला. मागं वळली, कुंदनला शोधलं आणि हसून म्हणाली, "मनमाड. काकांचं."

लोकांनी 'ओऽऽ' करून गलका केला. कुंदनच्या कानशिलाशी आग झाली. जे त्याचं होतं, ते आता तिच्या हातून मिळत होतं, पंगतीत उशिरा आलेल्याला वाढतात तसं. नको म्हणावंसं वाटलं. पण सनीनं सुरुवात केली, आणि तो सूर आला, आणि कुंदनला वाटलं, असू दे. तिच्या हातून का होईना. ऐकू तरी दे.

मनमाडला गाडी बदल गं मने...

दुसरी ओळ यायच्या आत शटरवर काठी वाजली.

तुम्ही आला होता, साहेब.

"बंद करा ते! परवानगी कुठंय स्पीकरची?"

धनराजभाऊ हात जोडून पुढं झाले. रात्री दहाच्या आत चाललंय, घरगुती आहे, शेजाऱ्यांना सांगून केलंय, आत या, चहा घ्या. तुमच्या माणसानं स्पीकरची वायर ओढली. गाणारा कोण? पूर्ण नाव? सनी पगारे? कुठला? मनमाडचा? मग इथं काय करतोस? अंजली शेजारीच उभी होती. तिला कुणी पूर्ण नाव विचारलं नाही. स्पीकर उचलून गाडीत ठेवायला घेतला, तेव्हा सनीनं त्याला हात घातला, आणि तुमच्या माणसानं तो हात असा झटकला की गिटार फरशीवर पडली. लाकूड तडकल्याचा आवाज झाला.

तो आवाज कुंदनला सहन झाला नाही. धनराजभाऊ तेव्हा बाहेर गाडीपाशी तुमच्या ड्रायव्हरला विनवत होते.

"साहेब, फोन मी केला होता," तो पुढं येऊन हळू आवाजात म्हणाला. "चूक झाली. तक्रार मागं घेतो. सोडा त्यांना."

तुम्ही त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलंत. कंपनीचा शर्ट, पायात चप्पल.

"तक्रार देशपांडेंची आहे. तू देशपांडे आहेस?"

"नाही."

"मग? नाव काय?"

"कुंदन साळवे. पण फोन माझाच होता साहेब, नंबर बघा ना." त्यानं मोबाइल पुढं धरला. "हा बघा."

तुम्ही बघितलं नाही. "बाजूला हो," म्हणालात. "इथला आहेस का तू?"

तुम्ही बघितलं नाही, पण सनीनं बघितलं. फरशीवरून गिटार उचलता उचलता त्याची नजर मोबाइलवरच्या त्या नंबरवर गेली. त्यानं पाठ फिरवली. शिवी दिली असती तर कुंदननं ती जपून ठेवली असती. अंजलीनंच विचारलं, "काका, तुम्ही?" आणि तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं न कळणं होतं, आणि तेव्हासुद्धा, तेव्हासुद्धा साहेब, कुंदनच्या मनात आलं ते हेच की सनीच्या शेजारी ती उभी आहे, मी नाही.

गॅरेजचं शटर तेव्हापासून खाली आहे. धनराजभाऊ शेजाऱ्यांशी बोलत नाहीत, कारण देशपांडे कोण ते त्यांना सापडत नाही. सनीनं आणि अंजलीनं त्यांना सांगितलेलं नाही. सनी आता पुण्यात गातो म्हणे. कुंदनचा फोन उचलत नाही. व्हिडिओत दिसतो. शेवटी अजूनही कुणालातरी विचारतो, शेवटचं कोणतं? मनमाड कुणीच सांगत नाही. कुंदन एकेका व्हिडिओत वाट बघतो, कुणीतरी सांगेल, आणि कुणी सांगितलंच तर आपण परत जळू, याचीही त्याला भीती वाटते.

परवा वसाहतीसमोर पुन्हा डीजे लागला. भिमाबाई उशीखालून कण्हत होती. कुंदननं तोच नंबर लावला. कुठून बोलताय? त्यानं खरं सांगितलं. नाव? तेही खरं सांगितलं.

"बघतो," पलीकडचा म्हणाला.

डीजे थांबला तो गाडीचं डिझेल संपल्यावर. तुम्ही आला नाहीत.

हद्द वेगळी आहे म्हणू नका साहेब, नंबर एकच आहे. माणसं कमी आहेत म्हणू नका, त्या रविवारी होती. कुंदननं काय केलं ते त्याला माहीत आहे, आणि ते तो भोगतो आहे. पण त्या फोनवर कुणी येत नाही, हे त्याला शिकवलं कुणी? एवढी वर्षं शिकवलंत ना तुम्हीच? मग त्या एका संध्याकाळी, एका गिटारीसाठी, तुम्ही का आलात?

गप्प बसू नका. पूर्ण नाव सांगा, आणि उत्तर द्या.