बांधीतला चबुतरा

दादानं भर सभेत भिंतीचं नाव घेतलं, तेव्हा मी उठून उभीच राहिले होते. शेजारच्या शामकलानं परकर ओढून मला खाली बसवलं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ भोजराज. नागपूरला कॉलेजात शिकतो, तिथल्या फुटबॉल टीमचा गोलकीपर आहे. जानेवारीत त्यांच्या टीमनं सगळ्या कॉलेजांना हरवून कप जिंकला, म्हणून बोदलकशाच्या तलावाजवळच्या आमच्या एवढ्याशा गावात मालगुजारांनी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी, सत्कार ठेवला होता. मालगुजार शालीकरामजींनी विचारलं, "एवढी तयारी केली कुठं, भोजराज?" तर दादा गळ्यातला हार सावरत म्हणतो, "दिवाळीच्या सुट्टीत. घरामागच्या भिंतीवर चेंडू मारून मारून."

टाळ्याच टाळ्या!

आमच्या घरामागं भिंत नाही हो! काट्याचं कुंपण आहे आणि त्याच्यापलीकडं धानाची एक बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा. ती भिंत म्हणजे मी. वच्छला, तिरोड्याच्या शाळेत सातवीत.

दिवाळीत दादा आला तेव्हा तोंड पाडून आला होता. दोन वर्षं त्यांची टीम पहिल्याच सामन्यात घरी परतत होती. त्याच्या हट्टापायी बाबूजींनी त्या बांधीत, दरवर्षी उभ्या धानात टाकतात ते लाखोरी डाळीचं बी फेकलं नाही. धान कापल्यावर तिथं दोन बांबू रोवले आणि मला काम मिळालं, कुंपणात गेलेला चेंडू काढून आणायचा. दोन दिवस मी आणला. तिसऱ्या दिवशी हातानं न देता पायानं मारला. सरळ बांबूंच्या मधून गेला!

"असाच गेला," दादा म्हणाला.

"असाच नाही गेला. तू डावीकडं पडतच नाहीस."

"पोट्टी मले शिकवून राहिली का?"

मग मी दहा चेंडू डावीकडं मारले. सात आत गेले. त्यानंतर दादा रोज पहाटे स्वतःच मला उठवायला लागला. माझ्या अंगठ्याचं नख निघालं. मायला सांगितलं, शेताच्या बांधावर, धुऱ्यावर ठेच लागली. सुट्टी संपता संपता दहातले दोनसुद्धा आत जाईनात. मला राग आला आणि आनंदही झाला.

जाताना दादा म्हणाला, "कप जिंकलो तं ही बांधी तुमची. धान निघाला का तू अन् तुझ्या मैत्रिणी खेळा. बाबूजीले मी सांगतो."

आमच्या शाळेत मुलींना मैदान नाही. मैदान मुलांचं, आम्हाला सुईदोरा. मी आणि शामकलानं लगेच मुली मोजल्या. आठ तयार होत्या.

मग पत्रं यायला लागली. पहिला सामना दोन-शून्य. दुसरा एक-शून्य. तिसऱ्यात बरोबरी, पुन्हा खेळले, जिंकले. मी पत्रं मोठ्यानं वाचायची आणि बाबूजी ओसरीवर मिशी पिळत ऐकायचे. फायनलच्या पत्रात दादानं लिहिलं होतं, "शेवटच्या मिनिटाला चेंडू डावीकडून आला. अडवला." ती ओळ मी चार वेळा वाचली.

आणि सभेत काय, तर भिंत!

घरी येताच मी त्याला गाठलं. "काऊन रे, कोणती भिंत? दाखव ना मले!"

"वच्छे, समजून घे. बहिणीनं गोल मारले म्हणून शिकलो, असं सांगू का चारचौघांत? हासतीन लोक."

"अन् बांधीचं?"

"सांगतो ना बाबूजीले. पाहू." आणि सकाळच्या गाडीनं गेला नागपूरला!

खरा घोटाळा तर पुढं झाला. मालगुजार म्हणाले, एवढ्या मोठ्या विजयाची गावात आठवण पाहिजे. जिथं भोजराज उभा राहायचा, तिथंच चबुतरा बांधू, वर अकरा खेळाडूंची नावं कोरू. बाबूजी इतके फुगले, की जागा तिथल्या तिथं देऊन टाकली. बिसराम मिस्त्रीनं माझे दोन्ही बांबू उपटले आणि बरोबर त्यांच्या मधोमध माझ्या खांद्याएवढा चबुतरा उभा केला. पांढराशुभ्र!

"बाबूजी, मग खेळायचं कुठं?"

"आता कायचा खेळ वं? जिंकले ना ते."

खेळाची आठवण म्हणून खेळायची जागाच बुजवली, आणि हे कोणाला दिसतसुद्धा नाही!

मी शामकलाला म्हटलं, भिंत पाहिजे होती ना दादाला, आता झाली. जुना चेंडू घेतला आणि चबुतऱ्याच्या मागच्या अंगावर, जिथं नावं नाहीत, तिथं मारायला लागले. आठही मुली आल्या. चार दिवस काय मजा! पाचव्या दिवशी शालीकरामजी आले.

"पोरी, भावाच्या नावावर लाथ मारते का?"

"नावं तिकडून आहेत, काकाजी. अन् दादाच म्हणे ना, भिंतीवर मारूनच शिकलो. मी बी शिकून राहिली."

ते माझ्याशी बोललेच नाहीत, बाबूजींशी बोलले. बाबूजींनी मुलींना बांधीत यायला बंदी केली. मी किती समजावलं! "तुमची पोरगी नसती तं कप आला नसता," असंही म्हटलं. बाबूजी खो खो हसले. मायही हसली. दादाच्या तोंडून ऐकल्याशिवाय ते कोणी खरं मानणार नव्हतं.

उन्हाळ्यात दादा आला. दुसऱ्याच पहाटे मला उठवून बांधीत गेला, चबुतऱ्याभोवती फिरला. मागच्या अंगावर चेंडूचे मातकट गोल डाग अजून होते, सगळे डावीकडं. त्यांवरून त्यानं हात फिरवला. मग भिंतीपुढं वाकून, हात पसरून म्हणाला, "मार, वच्छे. औंदा सारे आमच्यावरच टपून राहतीन."

चेंडू माझ्या काखेत होता. पाय नुसते शिवशिवत होते!

"पहिले बाबूजीले सांग."

"सांगतो ना. तू मार तं."

"ना. पहिले सांग. माझं नाव घेऊन सांग, शालीकरामजीले बी."

त्यानं घराकडं पाहिलं. बाबूजी मागच्या दारी दात घासत होते, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ. दादानं मान खाली घातली.

अजून सांगितलं नाही त्यानं. रोज पहाटे येतो, भिंतीपुढं उभा राहतो, "मार ना वं" म्हणतो. मी चेंडू घेऊन धुऱ्यावर बसलेली असते. सुट्टीचे अठरा दिवस उरले आहेत.