रस्त्याकडचं छप्पर

आमच्या घराचं छप्पर दुपाखी. एक उतार रस्त्याकडे, दुसरा मागच्या अंगणाकडे, मध्ये आढं. रस्त्याकडच्या उताराखाली बैठकीची खोली आणि आमची झोपायची. मागच्या उताराखाली स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे काही झालं ते या दोन उतारांवरून झालं, आणि ते दोनदा सांगण्याइतकी माझी ताकद नाही. आठवलं तरी तोंडाची चव जाते.

घर सासूबाईंच्या नावावर आहे. त्यांच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं शिलाई मशीन आहे. या मशीनवर त्यांनी दोन मुलगे वाढवले, शिकवले. आता वय झालं तरी दवाखान्यांचे पांढरे कोट शिवून देण्याचं काम त्यांनी सोडलेलं नाही. आमचं दोघींचं फार गूळपीठ आहे असं नाही. त्यांना माझ्या हातचा चहा पातळ वाटतो आणि मला त्यांचं दिवसभर टोचून बोलणं जड जातं. पण बाई कामाची पक्की, आणि कुणाच्या दोन पैशांना मिंधी नाही.

घर विकायची टूम वेगळं राहणाऱ्या माझ्या थोरल्या दिरांनी काढली. भाऊजी कर्ज देणाऱ्या एका कंपनीत घरांच्या किमती ठरवायचं काम करतात. फ्लॅटमध्ये शिरले की भिंतीवर बोटं वाजवायची, नळ सोडून बघायचा आणि आकडा सांगायचा, ही त्यांची नोकरी. घरात मात्र ते माणसांवरही बोटं वाजवतात. स्वतःच्या मुलीला चित्रकलेच्या वर्गाला घालायचं का, यावर त्यांनी जेवताना 'यातून परत काय येणार' असं विचारलं होतं. तेव्हापासून मी मनातल्या मनात त्यांचं नाव 'परतावा' ठेवलं आहे.

सासूबाई विकायला तयार झाल्या. म्हणाल्या, "विका आणि दोघं वाटून घ्या. मला एक कोरडी खोली द्या, खिडकीपाशी मशीन मावेल एवढी. दुसरं काही नको."

कोरडी म्हणायचं कारण म्हणजे छप्पर गळत होतं. थोडं इथे, थोडं तिथे. कौलं तडकलेली, वासे पोखरलेले. म्हणून एका रविवारी भाऊजी शिडी लावून वर चढले, खाली उतरले आणि हात धुऊन बैठकीत बसले. माझा नवरा शेजारी बसला. सासूबाई दाराशी खुर्ची टाकून काजं करत होत्या.

"नवं छप्पर घालणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं," भाऊजी म्हणाले. "शंभर खर्च करा, विकताना साठ वसूल होतात. हे मी रोज बघतो."

"मग नको घालायला," माझा नवरा म्हणाला. भाऊजींचं वाक्य संपलं की त्याला मान डोलवायची सवय आहे, लहानपणापासूनची.

"थांब. गिऱ्हाईक गेटातून आत येतं तेव्हा पहिली नजर छपरावर जाते. ते जुनं दिसलं की भाव पडतो, तो काही केल्या वर येत नाही. म्हणून छप्पर घालायचं, पण रस्त्याकडचं. तेवढ्याचा परतावा चांगला आहे. मागे कोण बघायला जातंय?"

मला आधी वाटलं हे थट्टा करताहेत. मी म्हटलं, "भाऊजी, मागे आई झोपतात."

"अगं, मला कळतं ते. पण हिशेब समजून घे. चांगलं छप्पर तीस वर्षं टिकतं. आता आईला काही तीस वर्षं..." इथे ते थांबले. थांबण्याइतकी लाज शिल्लक होती, याचंच मला नवल वाटलं.

सासूबाईंनी दातांनी दोरा तोडला. "बोल की. मी काही तीस वर्षं जगत नाही, एवढंच ना? खरंय तुझं," असं म्हणून त्या हसल्या आणि पुढच्या काजाला लागल्या. माझा नवराही हसला. मी उठून आत गेले, कारण तिथे बसले असते तर हातातला पेला कुणाच्या तरी अंगावर गेला असता.

गल्लीच्या टोकाची दोन जुनी घरं घेणाऱ्यांनी त्याच वर्षी पाडली होती. तो विषयही मी नंतर काढून बघितला. "ती घरं मोडकळीला आली होती," भाऊजी म्हणाले, "आपलं घर तसं नाही." विषय संपला.

छप्परवाला आला. तोही एक नमुनाच. वर जाऊन त्याने सगळं पाहिलं आणि खाली येऊन म्हणाला, "एकीकडे पत्रा आणि एकीकडे कौल, आढ्यावर दोन्ही नीट जुळत नाहीत. पाणी मागे जाणार." भाऊजींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तसा तो लगेच वळला. "जाणार म्हणजे, थोडंफार. तुमचं घर, तुम्ही म्हणाल तसं." पैसे खिशात घातले आणि काम सुरू केलं. जाताना मागच्या अंगणात जुन्या कौलांचा ढीग टाकून गेला, सासूबाईंच्या खिडकीच्या बरोबर खाली.

रस्त्याकडे लाल रंगाचे नवे पत्रे चढले. शेजारीपाजारी येऊन छान झालं म्हणून गेले. भाऊजींनी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून फोटो काढले. मागे जाऊन मी वर पाहिलं तर तीच काळी पडलेली कौलं, त्यांवर शेवाळ, आणि आढ्यावर नव्या पत्र्याची कड अर्धवट दुमडलेली. समोरून शर्ट इस्त्रीचा आणि मागे फाटका, तसं घर दिसत होतं.

मग पाऊस लागला.

आधी जिथे थेंब पडायचे तिथे आता भिंतीवरून ओघळ यायला लागले. आढ्यावर पडणारं पाणी फटीतून सरळ मागच्या खोलीत. पांढरी भिंत आधी पिवळी, मग चहाच्या रंगाची, मग काळी. त्या काळ्यावर बुरशी धरली, केसाळ, ओली. बोट लावलं की चिकटायची आणि साबणाने धुतलं तरी वास जायचा नाही. एके सकाळी वाशावरून कबुतरांचं अख्खं घरटं खाली पडलं. पिसं, विष्ठा, कुजलेल्या काटक्या आणि त्यात एक मेलेलं पिल्लू, सगळं मशीनवर, शिवून ठेवलेल्या कोटांच्या गठ्ठ्यावर. मी ते फडक्यात गुंडाळून बाहेर टाकलं आणि मोरीत जाऊन ओकले.

कोट धुतले, उकळले, उन्हात टाकले. डाग गेले नाहीत. दवाखान्याची बाई भली, तोंडावर काही बोलली नाही, पण पुढचं काम दिलं नाही. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. वर खोकला सुरू झाला. मी म्हटलं, तुम्ही आमच्या खोलीत झोपा, मी बैठकीत झोपते. त्या म्हणाल्या, "आणि मशीन?" आमच्या खोलीत ते मावेना, म्हणून बैठकीत आणू म्हटलं तर माझा नवरा चाचरत म्हणाला, "दादाने बैठक दाखवायला ठेवलीय. तिथे पसारा नको म्हणाला."

बैठक दाखवायला ठेवली होती हे खरं. नवा रंग, प्लॅस्टिकची फुलं, एक कोच ज्यावर आम्हाला बसायची बंदी. कोचाला ओल लागू नये म्हणून एवढी काळजी, आणि आईला लागली तर चालेल. नवऱ्याला मी हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "घर विकलं गेलं की होईल सगळं नीट. थोडं सोस." मला त्याची इतकी किळस आली की दोन दिवस मी त्याच्या ताटात वाढलं आणि बोलले नाही.

गिऱ्हाईक यायच्या दिवशी भाऊजी सकाळीच हजर. हातात सुगंधी फवारा. मागच्या खोलीत तो इतका मारला की बुरशी आणि गुलाब यांचा मिळून एक वेगळाच वास तयार झाला, डोकं उठवणारा. काळ्या भिंतीला त्यांनी मोठं कॅलेंडर लावलं. सासूबाईंना म्हणाले, "आई, ते आले की खोकू नकोस हां शक्यतो."

"बघते," सासूबाई म्हणाल्या.

आलेला माणूस बांधकामाचा कंत्राटदार होता. जाडजूड, धुळीने भरलेले बूट. गेटातून आत येताना त्याने छपराकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. तो पायाखाली बघत होता. अंगण पावलांनी मोजलं, कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आला, मग बूट न काढता सरळ त्या कोचावर बसला. भाऊजींनी नव्या पत्र्यांची माहिती सुरू केली, किती जाड, किती वर्षांची हमी. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "साहेब, मी घर पाडणार आहे. मला जागा हवीय. छप्पर असलं काय आणि नसलं काय, भाव तोच."

भाऊजींचा चेहरा उतरला, पण फार वेळ नाही. भाव त्यांच्या अपेक्षेपेक्षा बरा होता. कागदपत्रं होऊन ताबा द्यायला सात-आठ महिने लागतील, तोवर राहा, असंही तो म्हणाला. भाऊजींनी लगेच विचारलं, "मग पाडायच्या आधी नवे पत्रे आम्ही उतरवून विकले तर चालेल ना?"

"न्या की. मला काय करायचेत?"

भाऊजी खूश झाले. फोनवर काहीतरी आकडेमोड करून माझ्या नवऱ्याला म्हणाले, "बघ, साठ नाही तरी तीस वसूल."

सासूबाई दारात उभ्या होत्या. कधी आल्या ते मला कळलं नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला होता, खोकला दाबायला. दाबून झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे रे, नवं छप्पर माझ्या बाजूला घातलं असतं, तरी तेवढेच पैसे आले असते?"

कंत्राटदाराला प्रश्न आपल्याला आहे असं वाटलं. तो म्हणाला, "तेवढेच, आजी."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

कंत्राटदार गेला. भाऊजी म्हणाले, "आई, तेव्हा कुणाला माहीत होतं?" मग त्यांनी घसा साफ केला आणि ते काय बोलणार याची मला कल्पना असूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आता सात-आठ महिन्यांसाठी मागे खर्च करायचा म्हणजे, तूच सांग आई, त्याचा परतावा..."

"करू नकोस खर्च," सासूबाई म्हणाल्या. "घर माझ्या नावावर आहे ना अजून? पुढचे पत्रे काढून मागे लावा. मागे लागले की मी सही करते. सही झाल्यावर पाडताना ते तू विक, नाहीतर डोक्यावर घेऊन जा."

"आणि पुढे?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"पुढे ताडपत्री. आता कोण बघायला येतंय?"

मी त्याच क्षणी छप्परवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, उलटं काम कधी केलं नाही. मी म्हटलं, आमचं घर, आम्ही म्हणू तसं. पत्रे काढून मागे चढवायला आला तेव्हा जुन्या कौलांचा ढीगही त्याच्याकडूनच उचलून घेतला, एक पैसा जास्त न देता. मग मी मागची भिंत खरवडली, तीनदा धुतली, चुना लावला. आमचं बिऱ्हाड पुढे, ताडपत्रीखाली. ती पहिल्याच वाऱ्यात फडफडायला लागली आणि प्लॅस्टिकची फुलं वाकडी झाली.

पुढच्या आठवड्यात भाऊजी कागद घेऊन आले. बाहेर पाऊस धो धो. कोचावर पाणी टपकत होतं, म्हणून ते कोपऱ्यात स्टुलावर बसले, फाइल छातीशी धरून. तिथेही एक थेंब बरोबर त्यांच्या मानेवर पडत होता. ते सरकले, थेंबही सरकल्यासारखा वाटला. माझा नवरा बादल्या शोधत होता. मी चहा टाकला, पातळच.

मागे मशीन चालू होतं. दवाखान्याच्या बाईला मी स्वतः जाऊन भेटले होते आणि थोडं काम परत मिळालं होतं. चहा घेऊन मी आत गेले. सासूबाईंच्या मांडीवर पांढराशुभ्र कोट पसरला होता. त्यांनी पाय थांबवला, चहाचा घोट घेऊन नाक मुरडलं, आणि पुढच्या खोलीतली धावपळ ऐकून म्हणाल्या, "काय चाललंय गं तिकडे? बाहेर पाऊस पडतोय की काय?"