मधोमध कुणी नव्हतं

मी एक जुना ऑटोफोकस कॅमेरा आहे, मित्रांनो. जुना हे नक्की. बाकी कशाचीच मला आता खात्री उरलेली नाही. पडद्यावरचे आकडे अर्धे पुसले गेलेत, आणि भिंग पुढे जाऊ की मागे येऊ अशा विचारात घुटमळत राहतं.

कोथरूडच्या कचरू रामटेके यांनी मला मोठ्या हौसेनं घरी आणलं. रोल भरायचा, बटण दाबायचं, बाकी सगळं मी बघणार, असं दुकानदारानं सांगितलं होतं. मीही ते खरं मानलं. तुम्हांला वाटेल, मी चेहरे ओळखतो. छे! मी मधोमध एक न दिसणारा किरण सोडतो. तो ज्याच्यावर आपटून परत येतो, तेवढ्या अंतरावरचं चित्र स्पष्ट काढतो. इतकं साधं काम.

तरी माझं काय चुकायचं कोण जाणे! कचरू आणि त्यांची बायको कांताबाई शेजारी उभे राहायचे, कुणीतरी बटण दाबायचं, आणि फोटो धुऊन आले की दोघांचे चेहरे धुरकट. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर मात्र असं लख्ख, की तारीख बघून घ्यावी.

"कॅमेरा कसला, कॅलेंडरवाल्याचा एजंट आहे मेला," कांताबाई म्हणायच्या. दुरुस्तीला नेलं की तिथे एकट्या माणसाचा फोटो झकास यायचा. दुकानदार मला ठणठणीत ठरवून परत पाठवायचा. घरी आलो की पुन्हा कॅलेंडर! माझी तर मतीच गुंग व्हायची. कांताबाई एकटीचा फोटो काढूच द्यायच्या नाहीत. "मी काय नटी आहे?" म्हणायच्या.

मग एकदा एक फोटो निघाला आणि माझी मोटार घर्रर्र करून थांबली. रोल आतच अडकला. नंतर बघू म्हणून मला कपाटात ठेवलं. त्याच वर्षी कांताबाई गेल्या, आणि माझ्याकडे बघायचं कुणाच्या मनातच आलं नाही. आतले सेल पाझरून हिरवे झाले. मागच्या दाराच्या कडेचा फोम वितळून चिकट डिंक झाला. एवढी वर्षं मला का कोंडलंय, हे मला उमगत नव्हतं.

परवा कचरूंच्या मुलीनं, पायलनं, मला बाहेर काढलं. आई गेली तेव्हा ती अगदी लहान होती. आता आयटीत नोकरी करते.

"बाबा, यात रोल आहे! आईचा फोटो असेल ना आत?"

"कॅलेंडर असेल," कचरू म्हणाले.

"मला आईचा चेहराच आठवत नाही, बाबा. त्या मतदार कार्डावरची बाई मला कुणीतरी वेगळीच वाटते."

ती माझं दार उघडणार, तोच कचरू ओरडले, "थांब! उजेड लागला तर सगळं जाईल." आत काय आहे ते मला तरी कुठे ठाऊक होतं? मी चित्र काढतो, पण ते मला दिसत नाही.

दोघांनी मला बुधवार पेठेत अनिरुद्ध काकांच्या दुकानात नेलं.

"दुरुस्त होईल?" पायलनं विचारलं.

"पार्ट यायचे कधीच बंद झाले. हे रिपेअरचं दुकान आहे, पुनर्जन्माचं नाही."

तरी त्यांनी मला काळ्या पिशवीत घातलं, आत हात घालून चाचपत रोल गुंडाळला आणि सुखरूप बाहेर काढला. पायलनं कॅलेंडरची गोष्ट सांगितली तशी त्यांनी कचरूंना विचारलं, "जोडीनं उभं राहताना मध्ये अंतर ठेवायचात का?"

कचरू चक्क लाजले. "घरात वडीलधारी असायची. त्यांच्यापुढे बायकोला खेटून कसं उभं राहणार?"

"मग कॅमेऱ्याचं काय चुकलं? त्यानं बरोबर मधोमध बघितलं. मधोमध कुणी नव्हतंच."

मी निर्दोष ठरलो! पण मला आनंद व्हावा की वाईट वाटावं, तेच कळेना. त्यानं पायलला तिची आई थोडीच मिळणार होती?

रोल धुऊन फोटो आले. रंग हिरवट पडले होते. कॅलेंडर. पुन्हा कॅलेंडर. पायलचा हात हळू होत गेला. मग शेवटचा फोटो आला.

त्यात कांताबाई बरोबर मधोमध होत्या. हात पुढे केलेला, डोळे वटारलेले, कपाळावरची एकेक बट स्वच्छ. मागे कचरू धुरकट.

"हा तू काढलास," कचरू म्हणाले. "हट्टानं घेतलास कॅमेरा. 'अगं, पडेल तो!' म्हणत धावली ती तुझ्याकडे."

"माझ्यावर ओरडतेय?"

"तुझ्यावरच."

"ओरडू दे," पायल म्हणाली, आणि फोटो छातीशी धरून रडू लागली.

मित्रांनो, माझ्यासारखा कुणी तुमच्या कपाटात पडून असेल, तर त्याचे सेल काढून ठेवा, अधूनमधून त्याला हात लावा. आणि आपल्या माणसांचा फोटो काढताना लाजू नका, त्यांना अगदी जवळ उभं करा. मध्ये जागा राहिली, की आम्हा बिचाऱ्यांना भिंतच महत्त्वाची वाटते.