कातळावरचा बाजार

"थांब थितंच! पुडं पाय टाकलास तर धोंडा मारीन!"

मिरजोळ्याच्या वाटेवर आडवे बांबू बांधले होते. त्यांच्यामागे गावचा प्रमुख भिकाजी खरोखरच धोंडा उगारून उभा होता. मासूमाने डोक्यावरची सुक्या बोंबलांची टोपली सावरली.

"मार. पन आदी आयक तरी."

सन एकोणीसशे एकोणतीसच्या चैत्रात मासूमाच्या बंदरगावात पटकीची साथ आली आणि आठ दिवसांत सगळे व्यवहार ठप्प झाले. आगबोट बंदरात थांबेना. मुंबईला जायचा आंबा पेट्यांतच सडू लागला. धान्याचे दुकान असलेले आत्मारामशेट कुलूप लावून घाटावर निघून गेले. मासूमाचा मुलगा मजीद आगबोटीवर खलाशी. त्याने पाठवलेले पैसे पेटीत होते. पण त्या पैशांनी मूठभर तांदूळ मिळेना. घरात सून सुरय्या दहा दिवसांची बाळंतीण. तिला भात दिसून तीन दिवस झाले होते.

"मासळी त्या कातळावर ठेवते नि वीस पावलं मागं जाते," मासूमा म्हणाली. "तुमी ती घ्या, तांदूळ ठेवा, मागं जा. मंग मी येते. कोन कोनाला शिवनार नाय. माजी आयस तुमच्याच गावात मासळीची टोपली देऊन तांदळाची टोपली न्यायची."

"आनि तांदूळ घेऊन पळालीस तर?"

"पळीन की! पन बोंबील तर तुमच्याकडंच ऱ्हातील ना?"

भिकाजीच्या मागून खळखळून हसू आले. त्याची बायको राही पदर खोचून पुढे झाली. "अवो, घरात मीठपन सरलंय. पोरं नुसती पेज खातायत. ठेवा तो धोंडा खाली!"

भिकाजीने धोंडा टाकला. मासूमाने जांभ्याच्या तापलेल्या कातळावर बोंबील ओतले आणि मोठ्याने पावले मोजत मागे गेली. राहीने बोंबील उचलून नेले आणि सूपभर तांदूळ आणून तिथे फडक्यावर ओतले. जराशी थांबली, पुन्हा धावत जाऊन आणखी सूपभर घेऊन आली.

"बाळंतिणीसाठी!" ती ओरडली.

मासूमा घरी चालत गेलीच नाही, धावली. त्या दुपारी तिच्या दारात अख्खी आळी जमली. दुसऱ्या दिवशी तिच्यामागून बारा बायका निघाल्या, चौथ्या दिवशी चाळीस. कुणी खारवलेली मासळी आणली, कुणी मीठ. पलीकडून तांदूळ, नाचणी, कुळीथ येऊ लागले. दोन्हीकडून आरडाओरडा, थट्टा, घासाघीस. जत्राच जणू! राही वीस पावलांवरून रोज विचारायची, "पोर दूध पितंय का गो?" आणि मासूमा दोन्ही हात पसरून बाळ केवढे झाले ते दाखवायची.

मग एका शुक्रवारी राही आली नाही. तांदूळ भिकाजीने ठेवले.

"राही खंय?"

"कामात हाय."

तो रोज हेच सांगत राहिला.

महिन्याभराने पटकी ओसरली. आगबोटीचा भोंगा वाजला, आत्मारामशेटांचे दुकान उघडले आणि बायका तिकडे वळल्या. मासूमा मात्र मोठे पापलेट निवडून मिरजोळ्याला निघाली. राहीला जवळून बघायचे होते. बांबू सोडलेले होते.

भिकाजी अंगणात एकटाच बसला होता. तिला पाहून उठला.

"राही?"

"त्याच शुक्रवारी गेली. पटकीनंच."

"मंग सांगितलं का नाय?"

"सांगितलं असतं तर तुमी बाया भिऊन आल्याच नसतात. दोन्ही गावांत पोरं उपाशी मेली असती." तो घाईने म्हणाला, "पन माज्या घरातला दाना नाय ठेवला हां. वाडीत दारोदार फिरून गोळा करायचो."

डोक्यावरची टोपली तशीच घेऊन मासूमा उभी राहिली. भिकाजी पुढे आला. टोपलीच्या एका काठाला त्याने हात घातला, दुसरा तिने धरला, आणि दोघांनी मिळून ती सावकाश अंगणात उतरवली.